पडद्यावरील नकाशा आणि प्रत्यक्ष खोली

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. किसान क्रेडिट कार्डाची सोय तर २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पानेच मच्छीमारांसाठी खुली केली होती. धोरणाच्या दृष्टीने नाखवा आणि शेतकरी आता एकाच पंक्तीत बसले आहेत. या दोघांमधील आणखी एक साम्य मात्र शासननिर्णयावाचून निर्माण झाले आहे. दोघांच्याही हातात पडदा आला आहे. तांडेल टॅब्लेटवर सागरी नकाशा पाहून नौकेची दिशा ठरवतो. शेतकरी मोबाईलवर कीडसल्ला पाहून फवारणी ठरवतो. दोघेही आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीविषयी दूरवरून आलेल्या माहितीवर भरवसा ठेवतात आणि ती माहिती चुकली तर किंमत दोघांनाच मोजावी लागते.

सागरी नकाशाच्या शास्त्राने अनेक अपघातांची किंमत मोजून एक शिस्त मिळवली आहे. मोजणी केव्हा झाली, कोणत्या प्रमाणावर झाली आणि तिच्यावर किती विश्वास ठेवावा, हे नकाशाने स्वतःच सांगायचे, ही ती शिस्त. शेतीच्या डिजिटल सल्ल्याने ही शिस्त अद्याप पुरेशी अंगीकारलेली नाही. ती अंगीकारावी आणि तसा आग्रह विस्तार कार्यकर्त्यांनी व प्रगतशील शेतकऱ्यांनी धरावा, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भिलाईत बसून समुद्राविषयी लिहिणे काहींना विसंगत वाटेल. छत्तीसगडला किनारा नाही. परंतु भारताचे सागरी नकाशे ज्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयातून निघतात, ते देहरादूनला आहे. १८७४ साली कोलकात्यात सागरी सर्वेक्षण विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था १९५४ मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी गेली. मच्छीमारांना लाटा, वारा आणि संभाव्य मत्स्यक्षेत्रांचा अंदाज देणारी ‘इंकॉइस’ ही संस्था हैदराबादला आहे. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचे पोलाद ज्या कारखान्यांतून गेले, त्यांत भिलाईचाही समावेश आहे. समुद्राविषयीचे ज्ञान आणि साधने अशी बहुधा समुद्रापासून दूरच तयार होतात. कीडसल्लाही तसाच शेतापासून दूर असलेल्या कार्यालयात तयार होतो. म्हणून दूरवरून दिलेला सल्ला जागेवर कसा पारखावा, हा प्रश्न तांडेलाइतकाच आपलाही आहे.

पडद्याने काय दिले

प्रथम पडद्याचे श्रेय पडद्याला दिले पाहिजे. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मधील ‘ओखी’ चक्रीवादळात दक्षिण किनाऱ्यावरील शेकडो मच्छीमार बळी पडले. इशारे दिले गेले तेव्हा अनेक नौका कित्येक दिवसांपूर्वीच खोल समुद्रात गेल्या होत्या आणि मोबाईलचे जाळे किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे पोहोचत नव्हते. केरळ व तमिळनाडूच्या काही नौकांनी थेट सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर येऊन आश्रय घेतला. इशारा अस्तित्वात होता. तो नौकेपर्यंत नेणारा मार्ग नव्हता.

हा मार्ग तयार करण्याचे प्रयत्न त्यानंतर झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण आले. ‘गगन’ या उपग्रह प्रणालीवरून आलेला संदेश ते पकडते आणि ब्लूटूथद्वारे मच्छीमाराच्या मोबाईलवर उमटवते. त्यातील संवाद एकतर्फी होता. नौकेला काही सांगायचे असेल तर सोय नव्हती. पुढची पायरी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे जाहीर झाली. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या योजनेतून किनारी राज्यांतील व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक व मोटारयुक्त नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवण्याचा हा कार्यक्रम आहे. ‘इस्रो’ने विकसित केलेल्या या यंत्रणेत उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश जाऊ शकतो.

सागरी सीमेची गोष्टही अशीच. पालघर जिल्ह्यातील खलाशी गुजरातच्या बंदरांतून निघालेल्या नौकांवर काम करताना पाकिस्तानी यंत्रणेच्या ताब्यात सापडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. पाण्यावर रेषा आखलेली नसते. टॅब्लेटवरील नकाशात ती आखलेली असते आणि नौका जवळ जाताच धोक्याची घंटा वाजवण्याची सोय करता येते. एका कुटुंबाचा कर्ता माणूस परदेशी तुरुंगात जाण्यापासून वाचतो, हा लाभ लहान नाही. त्यामुळे ‘जुन्या तांडेलांना ताऱ्यांवरून दिशा कळत असे, पडदा कशाला’ हा युक्तिवाद मला मान्य नाही.

ठिपका आजचा, खोली कधीची?

टॅब्लेटवर सागरी नकाशा उघडला की आपल्या नौकेचा एक ठिपका दिसतो. मोकळ्या आकाशाखाली हा ठिपका साधारण पाच मीटरच्या अचूकतेने खरा असतो. ही अचूकता पाहून आपला विश्वास ठिपक्यावरून नकळत नकाशावर सरकतो. धोका येथूनच सुरू होतो. ठिपक्याची जागा या क्षणी मोजलेली असते. त्याच्याखाली लिहिलेली खोली कदाचित काही दशकांपूर्वी मोजलेली असते. खाडीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा एका पावसाळ्यात जागा बदलतो. नकाशातील दांडा मात्र पुढील सर्वेक्षणापर्यंत तेथेच राहतो. मुंबई-पालघरच्या उथळ समुद्रात रोवलेले डोल जाळ्यांचे खुंट तर सर्वसाधारण नकाशात शोधूनही सापडत नाहीत. ते कोठे आहेत, हे त्या गावच्या कोळ्यालाच ठाऊक असते.

नकाशातील आकडा म्हणजे प्रत्यक्ष पाणी नव्हे, हे दुसरे पथ्य. नकाशावरील खोली ओहोटीच्या एका ठरीव नीच पातळीपासून मोजलेली असते. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्या वर जातो. एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, सहा तासांच्या अंतराने पाणी एका मजल्याहून अधिक वरखाली होते आणि नकाशातील आकडा तोच राहतो. त्यात त्या वेळच्या भरतीची उंची मिळवल्यावरच नौकेखालचे खरे पाणी कळते.

तिसरा धोका झूमचा. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतील ‘टीम वेस्टास विंड’ ही शिडाची नौका हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येकडील कार्गाडोस काराजोस या प्रवाळ भिंतीवर वेगात आदळली. नौकेवर नऊ अनुभवी व्यक्ती होत्या, अद्ययावत इलेक्ट्रॉनिक नकाशे होते आणि ठिपकाही अचूक होता. परंतु मोठा पल्ला एका नजरेत दिसावा म्हणून नकाशा दूरच्या दृश्यात पाहिला गेला होता आणि त्या दृश्यात ती प्रवाळ भिंत धोका म्हणून उठून दिसत नव्हती. झूम वाढवून पाहिले असते तर ती दिसली असती. मार्च २०१५ मध्ये आलेल्या स्वतंत्र अहवालाने दोन्ही गोष्टींवर बोट ठेवले : नौकेवरील नकाशा-वापरातील उणीव, आणि लहान प्रमाणाच्या दृश्यात धोके नीट न दाखवणारी नकाशाची रचना. सुदैवाने सर्वजण वाचले.

चौथा धोका मूळ माहितीचाच. १७ जानेवारी २०१३ रोजी अमेरिकी नौदलाची ‘गार्डियन’ ही सुरुंगशोधक नौका फिलिपिन्समधील तुब्बाताहा प्रवाळ उद्यानात रुतली. तिच्या एका डिजिटल नकाशात ती प्रवाळ भिंत सुमारे आठ सागरी मैल बाजूला दाखवली गेली होती. वेगळ्या प्रमाणाच्या नकाशात ती योग्य जागी होती. दोन नकाशे परस्परांशी ताडून पाहिले गेले नाहीत. नौका अखेर जागेवरच कापून तुकड्यातुकड्यांनी हलवावी लागली.

नकाशाच्या पोटातील कबुली

या अनुभवांतून सागरी नकाशाशास्त्राने काय केले, हे आपल्यासाठी सर्वाधिक महत्त्वाचे आहे. अधिकृत इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशात प्रत्येक क्षेत्राला विश्वासाची श्रेणी दिलेली असते. सर्वोच्च श्रेणीत जागेची अचूकता पाच मीटर असते आणि समुद्रतळ पूर्णपणे तपासलेला असतो. त्याखालील श्रेण्यांत ही अचूकता २० मीटर, ५० मीटर, ५०० मीटर अशी उतरत जाते. शेवटी अशीही एक श्रेणी आहे जिचा अर्थ ‘मूल्यमापन झालेले नाही’ एवढाच होतो. जहाजावरील पडद्यावर हे चांदण्यांच्या चिन्हांनी दाखवतात : उत्तम सर्वेक्षणाला सहा चांदण्या, सुमार सर्वेक्षणाला दोन. मूल्यमापनच नसेल तर चांदणी नाही, केवळ एक अक्षर.

नकाशा काढणारी संस्था आपल्याच नकाशावर ‘येथे माझ्यावर फार विसंबू नका’ असे लिहिते, यात मला शास्त्राची प्रतिष्ठा दिसते. हे वाचणारा कप्तान कमी चांदण्यांच्या क्षेत्रात खडकापासून अधिक अंतर राखतो, वेग कमी करतो, खोली मोजणाऱ्या यंत्राकडे लक्ष ठेवतो. अज्ञान लपवले असते तर हे घडले नसते.

खेदाची बाब अशी की सामान्य टॅब्लेटवरील अनेक लोकप्रिय अ‍ॅपमध्ये ही श्रेणी सहज नजरेस पडत नाही. चित्र मात्र सर्वत्र सारखेच देखणे, सारखेच निळे दिसते. काल मोजलेले पाणी आणि आजोबांच्या काळात मोजलेले पाणी यांचा रंग एकच.

भातखाचरातील प्रवाळ

आता हेच शेतावर ताडून पाहू. महाराष्ट्रात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प चालू आहे. १५ ऑगस्ट २०२४ पासून राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचे अ‍ॅपही उपलब्ध आहे. पिकाचे छायाचित्र काढले की कीड ओळखून सल्ला देणारी खासगी अ‍ॅपही आहेत. या सर्वांची गरज आहे; कीटकशास्त्रज्ञ प्रत्येक बांधावर जाऊ शकत नाही.

परंतु दुर्ग-राजनांदगावपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंतच्या भातपट्ट्यात तपकिरी तुडतुड्यांचे उदाहरण घ्या. ही कीड पानांवर नव्हे, तर चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या थोडे वर बसून रस शोषते. वरून काढलेल्या छायाचित्रात हिरवेगार पीक दिसते आणि तुडतुडे दिसत नाहीत. शिवाय ती शेतभर सारखी पसरत नाही. एका जागी संख्या वाढते, तेथे गोलाकार चट्टा पडतो आणि पीक जळाल्यासारखे होते. तालुक्याची सरासरी काढली तर हा चट्टा तिच्यात विरून जातो, जसा दूरच्या दृश्यात प्रवाळ विरून गेला. तालुक्याचा नकाशा हिरवा आणि आपले खाचर जळालेले, हे एकाच वेळी खरे असू शकते.

उलट बाजूची चूक तर अधिक महाग. तालुक्याचा नकाशा लाल दिसला म्हणून स्वतःच्या खाचरात न उतरता फवारणी केली, तर केवळ औषधाचा खर्च वाया जातो असे नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांनी तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रू, म्हणजे शेतातील कोळी आणि मिरीड ढेकूण, मारले जातात आणि तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो. सल्ला पाळल्यामुळेच कीड वाढते. फवारणी करणाऱ्याच्या जिवाचाही प्रश्न आहेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही. अनावश्यक ठरलेली प्रत्येक फवारणी हा टाळता आलेला धोका असतो.

म्हणूनच आर्थिक नुकसानीची पातळी हे तत्त्व जन्मले. कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ गुलाबी बोंडअळीचे पतंग, भातात अवस्थेनुसार प्रति चूड साधारण पाच ते दहा तुडतुडे, हे आकडे म्हणजे शेतातील खोलीमापन आहे. पूर्वीचे नाविक दोरीला शिसे बांधून ते पाण्यात सोडत आणि किती वाव पाणी आहे ते मोजत. शिशाच्या तळाला चरबी लावलेली असे. तिला चिकटून आलेला चिखल, वाळू वा शिंपले पाहून आपण कोठे आहोत हे ते ताडत. बांधावरून आत शिरून, खाचराच्या मध्यभागी जाऊन, चूड वाकवून बुंधा पाहणे हे त्याच जातीचे काम आहे. त्याला पर्याय नाही आणि टॅब्लेट तसा दावाही करत नाही. तो दावा त्याच्या वतीने आपण करतो.

नौकेवर टॅब्लेट वापरायचा असेल तर

किनारी जिल्ह्यांतील विस्तार कार्यकर्त्यांना मच्छीमार बांधव साधनांविषयी विचारतात. त्यांच्यासाठी काही बाबी थोडक्यात नोंदवतो.

खरेदी करताना टॅब्लेटमध्ये स्वतंत्र उपग्रह स्थाननिश्चितीची सोय आहे का, हे प्रथम पाहावे. केवळ वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये ती नसते; सिमकार्डाच्या आवृत्तीत असते. बंदरात तो उत्तम चालतो असे वाटते आणि समुद्रात ठिपका हरवतो, याचे कारण बहुधा हेच असते. नकाशे बंदर सोडण्यापूर्वी उतरवून ठेवावेत. स्थाननिश्चितीला मोबाईल नेटवर्क लागत नाही; नकाशा उघडण्यासाठी मात्र तो आधीच साठवलेला असावा लागतो.

ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, भर उन्हात तो दिसत नाही आणि तापला तर स्वतःहून बंद पडतो. आयपॅडसारख्या उपकरणांची शिफारस केलेली वापर-तापमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच आहे. म्हणून तो सावलीत, जलरोधक आवरणात, नौकेच्या बॅटरीवर चार्ज होत राहील असा बसवावा. खाऱ्या हवेने चार्जिंगचे तोंड गंजते, तेही झाकावे. होकायंत्राजवळ टॅब्लेट किंवा त्याच्या आवरणाचे चुंबक ठेवू नये; सुई फिरते आणि दोन्ही साधने एकदम निकामी होतात.

संभाव्य मत्स्यक्षेत्राचा सल्ला वाचतानाही हीच शिस्त लागू आहे. उपग्रहाने टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून ‘इंकॉइस’ हे क्षेत्र ठरवते आणि बंदरापासून दिशा, अंतर, खोली सांगते. तेथे मासे असण्याची शक्यता अधिक असते, हमी नसते. आणि तेथवरच्या वाटेवर खडक आहे की नाही, हे तो सल्ला सांगत नाही. त्यासाठी सागरी नकाशाच पाहावा लागतो.

आपण कोणता आग्रह धरावा

या साऱ्यातून शेतीच्या डिजिटल सल्ल्यासाठी चार मागण्या निघतात. त्या कृषी विभाग, विद्यापीठे, संशोधन संस्था आणि खासगी अ‍ॅपनिर्माते या सर्वांना लागू आहेत.

पहिली, सल्ल्यावर निरीक्षणाची तारीख ठळकपणे असावी. सल्ला आज प्रसिद्ध झाला, पण कीड केव्हा मोजली? तुडतुड्यांची एक पिढी अनुकूल हवामानात तीन-चार आठवड्यांत पूर्ण होते. दोन आठवड्यांपूर्वीचे निरीक्षण म्हणजे वेगळ्याच अवस्थेचे चित्र.

दुसरी, प्रमाण सांगितलेले असावे. हा लाल रंग किती प्लॉटांच्या निरीक्षणावर आधारला आहे आणि ते प्लॉट किती क्षेत्राचे प्रतिनिधित्व करतात? तालुक्यात चार ठिकाणी पाहिले असेल तर तसे लिहावे. त्याने सल्ल्याची किंमत कमी होत नाही. तो वाचण्याची रीत कळते.

तिसरी, विश्वासाची श्रेणी दिलेली असावी. सागरी नकाशाप्रमाणे चांदण्या द्याव्यात, रंग द्यावेत किंवा सरळ शब्दांत लिहावे. जेथे सर्वेक्षण झालेच नाही ते क्षेत्र हिरवे नव्हे, कोरे दाखवावे. ‘कीड आढळली नाही’ आणि ‘कीड पाहिली नाही’ या दोन विधानांत नकाशाच्या रंगाने फरक केलाच पाहिजे. या चारांतील सर्वाधिक निकडीची मागणी हीच, असे मी मानतो.

चौथी, दुसऱ्या साक्षीची सक्ती असावी. अ‍ॅपने फवारणी सुचवण्यापूर्वी शेतकऱ्याला ‘किती चूड तपासले, किती कीटक दिसले, मित्रकीटक किती’ असे विचारावे आणि आकडा भरल्यावरच पुढे जावे. असे भरलेले आकडे परत गेले तर पुढील आठवड्याच्या नकाशाची श्रेणीही उंचावेल. जेमिनीच्या एकतर्फी संदेशाकडून ट्रान्सपाँडरच्या दुतर्फी संदेशाकडे मत्स्यव्यवसाय गेला. कीडसल्ल्यानेही त्याच दिशेने जायला हवे.

यावर एक आक्षेप संभवतो. शेतकऱ्याला अनिश्चितता सांगितली तर तो गोंधळेल, त्याला सरळ ‘फवारा’ किंवा ‘फवारू नका’ एवढेच सांगावे. हा आक्षेप शेतकऱ्याला कमी लेखणारा आहे. पावसाचा, बाजारभावाचा आणि विजेच्या वेळापत्रकाचा हिशेब जो रोज अनिश्चिततेतच मांडतो, त्याला दोन चांदण्या आणि सहा चांदण्या यांतील फरक समजणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. फार न शिकलेला तांडेलही भांगाच्या दिवसांत आणि उधाणाच्या दिवसांत एकाच खाडीत वेगवेगळ्या वाटेने नौका काढतो. त्याला माहितीची मर्यादा कळते, म्हणूनच माहितीचा उपयोग होतो.

येत्या खरिपात आपल्या गटातील शेतकऱ्यांना अ‍ॅप उघडून दाखवताना विस्तार कार्यकर्त्यांनी एवढे करावे. सल्ला वाचण्याआधी तारीख शोधावी, निरीक्षणाचे ठिकाण शोधावे. ते सापडले नाही तर तसे शेतकऱ्यांसमोर स्पष्ट सांगावे आणि संबंधित यंत्रणेला लेखी कळवावे. मग सर्वांना घेऊन खाचरात उतरावे, मधले वीस चूड वाकवून मोजावे, आणि पडद्यावरचा आकडा व हातातला आकडा वहीत शेजारी-शेजारी लिहावा. एका हंगामाच्या अशा नोंदी कोणत्या सल्ल्यावर किती विसंबावे हे सांगू लागतील, आणि चार मागण्या मांडताना आपल्या हातात पुरावाही असेल.